स्पॅनिश भाषेंतील सलगीची आज्ञा

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत १९२६ सालीं इतिहाससंशोधनाची संस्था स्थापन करणारे फादर हेरास हे मूळचे स्पेनमधील बार्सिलोनाचे. अशा विद्वानांमुळें स्पेन देशाचें नांव आम्हांस परिचयाचें आहे. तेथील स्पॅनिश भाषा मात्र आमच्या मुलांच्या कानीं क्वचितच पडते. तिच्यांतील आज्ञार्थाचा एक लहानसा भाग येथें पाहूं.

धाकट्या भावास आपण ‘बोल’ म्हणतों आणि गुरुजींस ‘बोला’ म्हणतों. स्पॅनिशांतही हा भेद आहे, आणि नवल असें कीं सलगीचें सर्वनाम तेथेंही ‘तू’च! आदराचें ‘उस्तेद’ हें ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचें झिजलेलें रूप होय. परमेश्वरास मात्र दोन्ही भाषांत ‘तू’च म्हणतात.

सलगीची आज्ञा करणें सोपें आहे. ‘आब्लार’ म्हणजे बोलणें; ‘आब्ला’ म्हणजे ‘तो बोलतो’, आणि तेंच रूप ‘बोल’ या अर्थीं चालतें. तसेंच ‘कोमेर’ (खाणें) याचें ‘कोमे’ व ‘एस्क्रिबीर’ (लिहिणें) याचें ‘एस्क्रीबे’. आठ क्रियापदें मात्र या नियमास जुमानीत नाहींत: दी (सांग), आथ (कर), बे (जा), पोन् (ठेव), साल् (बाहेर नीघ), से (हो), तेन् (घे), बेन् (ये). हीं घोकूनच पाठ करावीं. त्यांतील ‘साल्’ म्हणजे मीठही होतें, आणि ‘बे’चा दुसरा अर्थ ‘पाहा’. संदर्भानें अर्थ घ्यावयाचा.

खरी फसगत निषेधांत होते. आज्ञेमागें नुसतें ‘नो’ लाविलें कीं झालें, असें विद्यार्थ्यास वाटतें. ‘तोकार’ म्हणजे स्पर्श करणें. चुलीकडे हात नेणाऱ्या पोरास कोणी ‘नो तोका’ म्हटलें, तर त्याचा अर्थ ‘तो स्पर्श करीत नाहीं’ असा होईल! मनाई करावयाची तर ‘नो तोकेस’ असेंच म्हटलें पाहिजे. म्हणजे शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ झाला व पुढें ‘स’ आला. उलट ‘कोमे’, ‘एस्क्रीबे’ यांतील ‘ए’चा ‘आ’ होतो: ‘नो कोमास’, ‘नो एस्क्रीबास’. असें कां? इच्छा दर्शविण्याचें जें निराळें रूप त्या भाषेंत आहे, तेंच निषेधास घेतात. जणूं ‘तूं न बोलावेंस’ असें म्हणावें. मराठींतही ‘बोल नको’ असें कोणी म्हणत नाहीं, ‘बोलूं नकोस’ असेंच म्हणतो. परंतु आपल्याकडे ‘तूं’ची खूण ‘नकोस’ वाहतें. तेथें ‘नो’ जसेंच्या तसें राहून क्रियापदास बदलावें लागतें.

सर्वनामांचीही अशीच गंमत आहे. ‘मला तें दे’ हें ‘दामेलो’ या एकाच शब्दांत येतें. ‘दा’ म्हणजे दे, ‘मे’ म्हणजे मला, ‘लो’ म्हणजे तें. निषेध होतांच तीं पुढें येऊन सुटीं होतात: ‘नो मे लो देस’, म्हणजे ‘मला तें देऊं नकोस’.

आतां ‘बेबेर’ (पिणें), ‘सुबीर’ (चढणें) व ‘एंत्रार’ (आंत येणें) यांच्या आज्ञा व निषेध विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावे, आणि घरांतील वडील मंडळींनीं वरील नियमांवरून ते तपासावे.