मुखकर्काच्या निदानातील ‘चिन्ह’ : क्रीडापटूंच्या संदर्भात एक अर्थविचार

‘निदान’ या शब्दाची मराठीतील वाटचाल लक्षणीय आहे. आयुर्वेदाच्या परिभाषेत निदान म्हणजे रोगाचे कारण. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पंचकातील ते पहिले अंग. आधुनिक मराठीत तो रोग ओळखण्याच्या क्रियेचा वाचक झाला, आणि बोलण्यात ‘कमीत कमी’ हा अर्थही त्याला चिकटला. रेणवीय जैवचिन्हे, म्हणजेच बायोमार्कर, यांपैकी कोणत्या अर्थाने ‘निदान’ करतात, हा प्रश्न केवळ शाब्दिक नव्हे.

‘कर्करोग’ हे नाव दृश्य रूपावरून आले. गाठीभोवती फुगलेल्या शिरांत ग्रीक वैद्यांना खेकडा दिसला. ती प्रतिमा लॅटिनमधून युरोपीय भाषांत व पुढे मराठीत उतरली. जैवचिन्ह मात्र रूपाच्या मागे, पूर्वरूपाकडे जाऊ पाहते. 2004 साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी मुखकर्काच्या रुग्णांच्या लाळेत सात संदेशक आरएनएंचे प्रमाण वाढलेले दाखविले. इंटरल्युकिन-8 चा आरएनए त्यांतलाच. इंटरल्युकिन-6 या प्रथिनाचाही असाच विचार झालेला आहे.

अडचण येते ती क्रीडापटूच्या बाबतीत. दीर्घ व कठोर व्यायामानंतर रक्तातील इंटरल्युकिन-6 अनेक पटींनी वाढते, कारण आकुंचन पावणारे स्नायूच ते स्रवतात. लाळेचा प्रवाह मंदावतो, तिच्यातील प्रथिनांचे प्रमाण बदलते. एकच चिन्ह, दोन अर्थ. भारतीय शब्दविचाराला ही स्थिती अपरिचित नाही. ‘सैंधव आण’ या वाक्याचा अर्थ जेवणाच्या वेळी मीठ, तर प्रयाणाच्या वेळी घोडा; निर्णय प्रकरणावरून होतो. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या हेतूंची जी यादी भर्तृहरीने दिली, तीत संयोग, साहचर्य, प्रकरण यांच्याबरोबर ‘लिंग’, म्हणजे चिन्ह, हेही आहे. चिन्ह इतर हेतूंच्या पंक्तीत बसते, एकटे राज्य करीत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात हे प्रकरण क्वचितच लिहिलेले असते : नमुना विश्रांतीत घेतला की सरावानंतर, याची नोंद नसेल तर आकडा वाचायचा कसा?

या वाचनावर माणसाचे आयुष्य अवलंबून असू शकते. तंबाखू चघळणे अमेरिकी बेसबॉलच्या संस्कृतीत दीर्घकाळ मुरलेले होते. कर्ट शिलिंग या गोलंदाजाने 2014 साली आपल्याला मुखकर्क झाल्याचे सांगितले व सुमारे तीस वर्षांच्या तंबाखूला दोष दिला. त्याच वर्षी टोनी ग्विन 54 व्या वर्षी वारला. त्यानेही तंबाखूकडेच बोट दाखविले होते. परंतु त्याचा कर्करोग कानाजवळील लालाग्रंथीचा होता, आणि तेथे तंबाखूचा कार्यकारणभाव तितका सिद्ध नाही. रुग्णाची कथा आणि वैद्यकाचे प्रमाण येथे वेगळे ठेवावेच लागतात. 2016 च्या करारानंतर प्रमुख साखळीतील नव्या खेळाडूंना धूररहित तंबाखू मना झाली.

उलट चूकही संभवते. मुष्टियोद्धा तोंडातील न भरणारा व्रण दंतरक्षकाच्या घर्षणावर ढकलतो. धडधाकट शरीर पाहून इतरही तेच मानतात. चिन्ह संशय जागवू शकते. निर्णय मात्र आजही व्रणाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावरच होतो, आणि दोनतीन आठवड्यांत न भरलेल्या व्रणासाठी, लाळेचा आकडा काहीही असो, तो तुकडा काढावाच लागतो.