‘हँडिकॅप’ शब्दाची कुळकथा

प्रश्न : ‘हँडिकॅप’ हा शब्द टोपी पसरून भीक मागणाऱ्या अपंगांवरून आला, हे खरे काय?

उत्तर : नाही, आणि ही व्युत्पत्ती अपंगांचा अकारण अवमान करणारी असल्याने तिचे निराकरण व्हावे, असे मला मनापासून वाटते. सतराव्या शतकातील इंग्लंडात दोन गृहस्थ वस्तूंची अदलाबदल करू लागले, म्हणजे तिऱ्हाईत पंच किमतीतील तफावत ठरवी, आणि उभयता टोपीत हात घालून, तो भरला वा रिकामा काढून, कबुली वा इन्कार दर्शवीत. सॅम्युअल पेप्स या इंग्रज गृहस्थाच्या रोजनिशीत १६६० साली या ‘हँड-इन-कॅप’ म्हणजे ‘टोपीत हात’ खेळाचा उल्लेख आहे. पुढे शर्यतीत अशीच बरोबरी साधण्यासाठी सरस घोड्यावर लादलेल्या जादा वजनास हेच नाव मिळाले. म्हणजे हा भार मुळात दुर्बळाचा नव्हे, बलवानाचा! शारीरिक व्यंगाचा अर्थ त्यास फार उशिरा चिकटला.