इंग्रजी शब्दाभ्यास : एका शब्दाचे अनेक अर्थ

इंग्रजी शिकणारे पुष्कळ विद्यार्थी वहीच्या एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस त्याचा एकच अर्थ लिहून पाठ करितात. ही रीत सोपी खरी, परंतु अपुरी आहे; कारण शब्दाचा अर्थ वाक्यांत ठरतो. पेणसारख्या गांवीं तर ही गोष्ट व्यवहाराचीच आहे. येथील गणेशमूर्ति परदेशींही जातात, आणि मागणीचीं व बँकेचीं कागदपत्रें पुष्कळदां इंग्रजींत असतात. पुढील शब्द लक्षपूर्वक पाहावे.

1. मोल्ड.— मूर्तिकाराचा सांचा; तसेंच बुरशी. ‘दि मोल्ड इज रेडी’, सांचा तयार आहे. ‘देअर इज मोल्ड ऑन दि ब्रेड’, पावास बुरशी आली आहे.

2. पॅन.— तवा, परंतु ‘सॉल्ट पॅन’ म्हणजे मिठागर. ‘ही वर्क्स इन अ सॉल्ट पॅन’, तो मिठागरांत काम करितो.

3. इंटरेस्ट.— आवड; तसेंच व्याज. ‘शी हॅज ॲन इंटरेस्ट इन म्यूझिक’, तिला संगीताची आवड आहे. ‘दि इंटरेस्ट इज ट्वेल्व्ह पर्सेंट’, व्याज शेंकडा 12 आहे.

4. ड्यू.— देय. ‘दि पेमेंट इज ड्यू ऑन मंडे’, रक्कम सोमवारीं भरावयाची आहे; भरली गेली, असा अर्थ नव्हे. ‘ड्यू टु रेन’, पावसामुळें.

5. श्युअरिटी.— जामीन. ‘आय स्टँड श्युअरिटी फॉर हिम’, मी त्याला जामीन राहतों. ‘विटनेस’ म्हणजे साक्षीदार; तो शब्द निराळा. जामीन यास साक्षीदार समजून जो सही करील, त्याच्याकडे, ऋणको न फेडील तर, दुसऱ्याचें कर्ज मागितलें जाईल. एका शब्दाच्या अज्ञानानें घरादारावर संकट येऊं शकतें. यास्तव अर्थ समजल्यावांचून कोणत्याही कागदावर सही करूं नये.

कोशकारांचीही रीत हीच होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीं निघाला, व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति 1857 सालीं झाली. त्यांत अर्थाबरोबर शब्दांचे प्रयोग व म्हणीही दिल्या आहेत. त्याच कोशाचा संक्षेप बाबा पदमनजी यांनीं 1863 सालीं प्रसिद्ध केला.

विद्यार्थ्यांनीं रोज पांचच शब्द घ्यावे, व प्रत्येकाचीं दोन वाक्यें आपल्या गांवच्या व्यवहारांतून स्वतः रचावीं. घोकलेला अर्थ विसरतो, वापरलेला राहतो.

अभ्यास.— ‘चार्ज’ या शब्दाचे तीन अर्थ कोशांत शोधून प्रत्येकाचें एक वाक्य लिहा.