आधी पोच, मग प्रारंभ

आपत्ती कोणती व केव्हा येईल, हे सांगण्याचा दावा न करता आपत्तीची सिद्धता करणे, हाच ज्यांचा व्यवसाय आहे, असा एक वर्ग गेल्या काही दशकांत जगभर उदयास आला. बँका, विमानकंपन्या, कारखाने आणि मोठी रुग्णालये यांत त्यांच्या कार्याला ‘बिझनेस कंटिन्युइटी’, म्हणजेच कार्यसातत्य, असे म्हणतात. या शास्त्राचे आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ साली प्रसिद्ध झाले व २०१९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. बालरोगतज्ज्ञाने या विषयात डोकावण्याचे कारण काय, असे सकृद्दर्शनी वाटेल. ते कारण अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या इतिहासातील दोन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

कार्यसातत्याचे तज्ज्ञ ‘काय घडेल?’ या प्रश्नात फारसे गुंतत नाहीत. ज्वालामुखी, युद्ध, साथ, संप अशी कारणे अगणित असली, तरी त्यांचे परिणाम मोजकेच असतात. माणूस पोहोचत नाही, वस्तू पोहोचत नाही, जागा वापरता येत नाही किंवा यंत्रणा चालत नाही. म्हणून प्रत्येक कामाविषयी ते तीन प्रश्न विचारतात. हे थांबल्यास किती वेळाने भरून न येणारी हानी होईल? ते कोणत्या एकाच व्यक्तीवर, वाटेवर वा पुरवठ्यावर विसंबून आहे? आणि ती वाट बंद झाल्यास पर्यायाचा निर्णय कोणी व केव्हा घ्यावयाचा?

प्रवासातील खंडासाठी त्यांच्याजवळ उपायांची एक सुटसुटीत चौकट आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी तेथील वाहतूक प्रशासनाने शहरातील व्यवसायांना चार गोष्टी करण्यास सांगितले होते : प्रवास कमी करा, मार्ग बदला, वेळ बदला, साधन बदला. तो सोहळा पूर्वनियोजित होता, तारखाही ठरलेल्या होत्या. परंतु तारीख न सांगता येणाऱ्या घटनेतही हेच चार उपाय हाताशी असतात. त्यांपैकी कोणता निवडावा, हा खरा प्रश्न.

आता आपल्या विषयाकडे वळू. रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त बालकाला असंबंधित दात्याच्या मूलपेशी द्यावयाच्या असतात, तेव्हा आधी सुमारे आठवडाभर तीव्र औषधोपचार, क्वचित किरणोपचारही, करून त्याची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट केली जाते. यालाच कंडिशनिंग म्हणतात. त्यानंतर दात्याच्या ताज्या पेशी शीतपेटीतून, बहुधा प्रवासी विमानाने, एक वाहक स्वतःच्या हाताने घेऊन येतो. त्या साधारणतः ७२ तासांच्या आत रुग्णाच्या शरीरात जाव्यात, अशी अपेक्षा असते. दाता अनेकदा दुसऱ्या देशातील, किंबहुना दुसऱ्या खंडातील असतो. म्हणजे जुनी मज्जा गेलेली, नवी अद्याप वाटेत, आणि त्या बालकाचे प्राण एका विमानाच्या वेळापत्रकावर अवलंबून! परतीची वाट नसलेले पाऊल पुरवठा हाती येण्यापूर्वीच टाकले गेलेले असते.

१४ एप्रिल २०१० रोजी आइसलंडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या नव्या उद्रेकाने आकाशात राख उधळली आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तर व मध्य युरोपचे बहुतांश अवकाश सुमारे सहा दिवस बंद राहिले. जवळजवळ एक लाख उड्डाणे रद्द झाली, एक कोटी प्रवासी अडकले. सुट्या भागांअभावी जपानमध्ये निसानला आणि जर्मनीत बीएमडब्ल्यूला काही ठिकाणचे उत्पादन थांबवावे लागले. कारखाना दोन दिवस थांबला तर नुकसान होते, पण ते भरून निघते. ज्यांचे कंडिशनिंग सुरू झालेले होते, त्या रुग्णांना थांबण्याची मुभा नव्हती. तेव्हा खुल्या विमानतळांचा शोध घेऊन, दक्षिण युरोपमार्गे व पुढे रस्त्याने पेशी नेण्याची धडपड करावी लागली. येथे मार्ग बदलला, साधन बदलले. उपचारांचा क्रम मात्र तोच राहिला.

मार्च २०२० मध्ये कोविडने याहून मोठे संकट उभे केले. ११ मार्च रोजी अमेरिकेने युरोपातून येणाऱ्या प्रवाशांवर निर्बंध जाहीर केले. जर्मनी हा दात्यांचा मोठा आधार असल्याने त्याची झळ थेट प्रत्यारोपण केंद्रांना बसली. वाहकांसाठी विशेष परवानग्या मिळविण्यात आल्या. परंतु खरा बदल निराळाच होता. अमेरिकेतील राष्ट्रीय दाता नोंदणी संस्थेने मार्चअखेर असा दंडक घातला, की दात्याच्या पेशी आधी रुग्णालयात पोहोचाव्यात, गोठवून सुरक्षित ठेवाव्यात आणि नंतरच रुग्णाचे कंडिशनिंग सुरू करावे. विमान उशिरा आले, तरी आता रुग्णाची मज्जा शाबूत असणार होती. प्रवास होता तेवढाच अनिश्चित राहिला. त्या अनिश्चिततेचे ओझे तेवढे बालकाच्या माथ्यावरून उतरले. माझ्या मते कार्यसातत्याच्या संपूर्ण शास्त्राचे सार या एका फेरबदलात आहे.

अर्थात या उपायाचेही मोल द्यावे लागले. गोठविणे व वितळविणे यांत काही पेशी नष्ट होतात. काही वेळा दात्याने पेशी दिल्यानंतर रुग्णाची प्रकृती बिघडली आणि ते दान वापरलेच गेले नाही. म्हणूनच प्रवास सुरळीत होताच अनेक केंद्रे ताज्या पेशींकडे परतली. आपत्कालीन व्यवस्था केव्हा सुरू करावयाची याबरोबरच ती केव्हा मागे घ्यावयाची, हेही आधीच ठरलेले असावे, असा बोध यातून मिळतो.

आपण बडोदेकरांनी २०१९ व २०२४ साली विश्वामित्रीचे पूर पाहिले आहेत. लहान रुग्णालये चालविणाऱ्या माझ्या वैद्यकबंधुभगिनींना म्हणूनच एवढेच सुचवावेसे वाटते, की आपल्या प्रत्येक उपचारात परतीची वाट नसलेले पाऊल कोणते, हे शोधावे आणि ते टाकण्यापूर्वी काय हाती असलेच पाहिजे, याची यादी भिंतीवर लावावी. कावीळ झालेल्या अर्भकाचे रक्त बदलण्यास आरंभ करण्यापूर्वी जुळविलेले संपूर्ण रक्त टेबलाजवळ असावे. अत्यवस्थ बालकाला दुसरीकडे हलविताना तेथील खाटेची पोच मिळालेली असावी, मार्गाची विचारपूस झालेली असावी आणि अंदाजित प्रवासकाळाच्या दुप्पट वेळ पुरेल इतका प्राणवायू बरोबर असावा.

काही रुग्णांच्या बाबतीत थांबणे हेच परत न फिरविता येणारे पाऊल ठरते, याचेही भान ठेवावे लागते. तेथे नियमापेक्षा चिकित्सकाचा विवेकच श्रेष्ठ. मात्र तो विवेक मध्यरात्री, पाऊस कोसळत असताना प्रथमच जागृत करण्याची वेळ येऊ नये. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालक आणि रक्तपेढीतील सहकारी यांना एकत्र बसवून ‘आज पूल बंद आहे’ असे गृहीत धरावे व प्रत्येकाने आपण काय करणार, हे सांगावे. या सरावास एक तास पुरतो.