भगत, दूरचित्रवाणी आणि वैद्य : मुळशी परिसराच्या संदर्भात

आदिवासी समाज व त्यांचे मांत्रिक-उपचारक यांच्याविषयी शहरी मनात जे कुतूहल असते, त्याला गेल्या वीस वर्षांत दूरचित्रवाणीने भरपूर खाद्य पुरविले आहे. या क्षेत्रात ब्रूस पॅरी या ब्रिटिश निवेदकाचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. पूर्वी रॉयल मरीन्स या सैन्यदलात असलेल्या या गृहस्थांनी बीबीसीसाठी २००५ ते २००७ या काळात ‘ट्राइब’ ही मालिका केली. पुढे ‘ॲमेझॉन’ (२००८), ‘आर्क्टिक’ (२०११) आणि ‘तवाई’ (२०१७) हा चित्रपट झाला. २०२५ मध्ये ते पुन्हा मूळ मालिकेकडे वळले. गॅबॉनमधील बाबोंगो, मंगोलियातील दरहाद, आपल्या अरुणाचल प्रदेशातील आदी अशा समाजांत जाऊन राहायचे, त्यांचे अन्न खायचे आणि त्यांचे विधी स्वतःवर करवून घ्यायचे, ही त्यांची पद्धत.

बाबोंगोंकडे त्यांनी ‘आयबोगा’ या वनस्पतीच्या मुळाची साल सेवन केली. ही वनस्पती सर्पगंधा, कुडा व कण्हेर यांच्याच कुलातील आहे, हे वैद्याच्या तत्काळ लक्षात यावे. तिच्यातील आयबोगेन या द्रव्याने हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली आहेत. तेथील जाणकाराला मात्रा ठाऊक असते, दीक्षार्थीची तयारी ठाऊक असते. प्रेक्षकाला दिसते ती केवळ गुंगी.

पॅरी यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. परंतु या माध्यमाची एक मर्यादा आहे. बीबीसीच्याच ‘ह्यूमन प्लॅनेट’ (२०११) या दुसऱ्या मालिकेत पापुआमधील कोरोवाई लोकांचे झाडावरील उंच घर दाखविण्यात आले होते. ते घर चित्रीकरणासाठी बांधवून घेतले होते, हे २०१८ मध्ये उघड झाले. कॅमेऱ्याला अद्भुत हवे असते आणि मागणी आली की पुरवठा होतो. आपल्या वाड्यावस्त्यांवरही आता हातोहाती कॅमेरे आले आहेत, म्हणून हा विचार आपल्या दाराशी आला आहे.

मुळशी तालुक्यात धरणाच्या काठाने, ताम्हिणीच्या बाजूस, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. शासनाने विशेष असुरक्षित गटात समाविष्ट केलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी ही एक. खैरापासून कात काढणारे ते काथोडी वा कातकरी. यांच्यावर अ. ना. वेलिंग यांचा इंग्रजी ग्रंथ १९३४ सालीच प्रसिद्ध झाला. म्हणजे अभ्यासाची परंपरा आहे, परंतु तीत वैद्यांचा वाटा अल्प आहे.

चित्रवाणीवाले ज्याला सरसकट ‘शमन’ म्हणतात, तो शब्द सैबेरियातील तुंगूस भाषांतून आलेला आहे. आपल्याकडील भगताला तो जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. सह्याद्रीतील भगत तांदळाचे दाणे पाहतो, अंगारा लावतो, उतारा काढतो, कोणत्या देवाचा कोप झाला ते सांगतो. झाडपाल्याचे औषध देणारा कित्येकदा दुसराच कोणी असतो आणि सुईण तर निराळीच. तिघांना एकाच नावाखाली कोंबले की अभ्यास तेथेच फसला.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि वनवासी लोक औषधी नावारूपाने जाणतात, असे मानले आहे. सुश्रुतानेही वनस्पतीची ओळख त्यांच्याकडूनच करून घेण्यास सांगितले आहे. पण चरकाने लगोलग मर्यादाही घातली. नावरूप जाणणे म्हणजे औषधी जाणणे नव्हे. देश, काल व पुरुष पाहून योजना करणारा तो खरा जाणकार. मालिका बहुधा नावरूपाशी थांबते. योजनेचे काम आपले आहे, आणि ती योजना पुष्कळदा वनवासींकडेही असते, फक्त विचारणारा हवा.

शेवळ्याचे उदाहरण पाहावे. पहिल्या पावसाच्या सुमारास कातकरी बाया शेवळांच्या जुड्या बाजारात आणतात. तो विलक्षण जांभळट फुलोरा कोणताही छायाचित्रकार टिपेल. परंतु शेवळ नुसते शिजवून खाल्ले तर घसा खवखवतो, म्हणून त्याबरोबर काकड नावाची आंबट फळे घालतात. बाई जुडीबरोबर काकडेही देते, आणि विचारल्यास पिवळा भाग काढून टाकावा हेही सांगते. द्रव्य, त्याचा दोष, त्या दोषाचा परिहार व ऋतू, असा हा शोधनाचा संपूर्ण पाठ भाजीच्या पाटीत असतो. आमच्या मते दहा मंत्रविधींच्या चित्रणापेक्षा ही एक नोंद मोलाची आहे.

आता सर्पदंशाविषयी, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. दैवव्यपाश्रय चिकित्सा संहितांना मान्य आहे आणि विषचिकित्सेत मंत्रांचे स्थान सुश्रुताने वर्णिले आहे. परंतु नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर आज प्रतिविष उपलब्ध असताना केवळ मंत्रावर विसंबणे हे युक्तीला धरून नाही. घट्ट आवळपट्टी, छेद देणे, विष चोखणे हे उपायही आता त्याज्य ठरले आहेत, ते आपल्या ग्रंथांत असले तरीही. भगताला यश येते त्याचे एक कारण उघड आहे. कित्येक दंश बिनविषारी सापाचे असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही.

सर्वांत कपटी मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्यास ती चावते. वेदना व सूज नाममात्र असते, व्रण दिसतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, घसा धरतो, पापण्या मिटू लागतात. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि रुग्ण भगताकडे जातो. श्वसनाचे स्नायू लुळे पडण्यापूर्वी त्याला प्रतिविष व कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचविणे, एवढाच मार्ग उरतो.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. कायदा आवश्यकच होता. तथापि केवळ धाक दाखविल्यास भगत रुग्ण लपवील, पाठविणार नाही. मध्यरात्री वाडीतले लोक प्रथम त्याचेच दार ठोठावतात. तेव्हा त्याला वगळून चालत नाही. अंगारा लावायचा तर गाडीत लावावा, एवढे त्याच्याशी ठरवून घेता येते. त्याचा मान राहतो आणि वेळ वाचते.

हे ठरविण्यास मृगापूर्वीचे दिवस चांगले. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे तोवर वाडीवर परतलेली असतात. त्याच भेटीत १०८ या रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या शासकीय रुग्णालयाचे नाव भगताच्या घरी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. वनस्पतींची नोंद करणाऱ्यांनी कातकरी बोलीतील नाव, अंग, ऋतू, संस्कार, मात्रा, अनुपान व निषेध हे रकाने ठेवावेत, आणि सांगणाऱ्याची संमती प्रथम घ्यावी. केरळातील काणी जमातीने दाखविलेल्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध सिद्ध झाले, तेव्हा उत्पन्नाचा वाटा त्या जमातीच्या न्यासाला देण्यात आला. आपल्या नोंदवहीत सांगणाऱ्याच्या नावाचा रकाना पहिला असावा, तो याचसाठी.