माइक नसलेला पियानो

प्रश्न : मुलीकडे मुंबईला गेलो असताना तिनं नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात रशियन संगीताच्या कार्यक्रमाला नेलं. आधी राखमानिनॉव्हचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो, मध्यंतरानंतर चायकोव्स्कीची सहावी सिम्फनी. आमच्या घरात पेटी-तबला आहे, त्यामुळे कान अगदीच कोरा नाही. तरी काही शंका डोक्यातून जात नाहीत. पियानोवादकानं एकट्यानं झोकात सुरुवात केली, पण बाकीची वाद्यं वाजू लागताच त्याचा आवाज बुडाला. मुख्य कलाकार तोच ना? मग त्याला माइक का देत नाहीत? सगळ्यांपुढे कागद, त्याच्यापुढे का नाही? सिम्फनीत मी मध्येच टाळ्या वाजवल्या तर शेजारच्या बाईंनी डोळे वटारले. आणि असा कार्यक्रम नांदेडला कधीच का होत नाही?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आवाज बुडाला हे तुम्ही बरोबर ऐकलंत, आणि त्यात वादकाचा दोष नाही. राखमानिनॉव्हनं ते तसंच लिहून ठेवलंय.

या रचनेची सुरुवात पियानोच्या आठ स्वरसमूहांनी होते. प्रत्येकाच्या पाठोपाठ खर्जातला एक स्वर, लांबून येणाऱ्या घंटेसारखा. पहिला जेमतेम ऐकू येतो, मग एकेक पायरी वाढत आठव्यापर्यंत सगळं सभागृह भरून जातं. आता हा मुख्य चाल वाजवणार, असं आपण सरसावून बसतो, तर ती चाल उचलतात व्हायोलिन, व्हायोला आणि क्लॅरिनेट. पियानो त्यांच्याखाली सपासप स्वरांच्या लाटा वाजवत राहतो. म्हणजे मैफल ज्याच्या नावावर, तोच साथीला बसतो. मोठमोठ्या वादकांनाही इथे तोल साधताना घाम फुटतो. कंडक्टरनं वाद्यवृंद आवरला नाही तर पियानिस्टची फक्त बोटं हलताना दिसतात.

माइक न देण्याचं कारण सोपं आहे. या संगीतातला लहान-मोठा आवाज कागदावर लिहिलेला असतो आणि तो हवेतूनच कानापर्यंत जावा, या हिशेबानं सभागृह बांधलेलं असतं. ध्वनिक्षेपक लावला की व्हायोलिन कुठल्या बाजूला आहे, हॉर्न किती मागे आहे, हे सगळं एका पेटीतून येऊ लागतं. सत्तर-ऐंशी वाद्यांशी एकट्यानं टक्कर देता यावी म्हणूनच पियानो एकोणिसाव्या शतकात वाढत वाढत आजच्या आकाराला आला. मैफलीचा मोठा पियानो पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या आसपास वजनाचा असतो. आत सव्वादोनशेहून जास्त तारा, आणि त्या सगळ्यांचा ताण मिळून वीस टनांच्या घरात. लाकडाची चौकट तो ताण सोसणार नाही, म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट बसवतात.

आता कागदाचं. वाद्यवृंदातल्या प्रत्येकापुढे फक्त त्याच्या वाद्याचा भाग असतो. ट्रम्पेटवाल्याला पन्नास-साठ मात्रागट नुसतं मोजत बसायचं आणि मग नेमक्या क्षणी चार स्वर फुंकायचे, असंही असतं. ते पाठ करून चालत नाही. सगळ्यांचं सगळं एकत्र लिहिलेलं असतं ते कंडक्टरपुढच्या जाड वहीत. पियानोवादकाचं पाठांतर हा मात्र रिवाज आहे, नियम नव्हे. क्लारा शूमान आणि फ्रान्झ लिस्ट यांनी एकोणिसाव्या शतकात तो रुजवला. त्याआधी कागदाशिवाय वाजवणं म्हणजे आगाऊपणा समजला जाई. आणि विसाव्या शतकातल्या थोर रशियन पियानिस्टांत गणला जाणारा स्व्यातोस्लाव्ह रिख्तर उतारवयात सभागृह अंधारं ठेवून, छोट्या दिव्याच्या उजेडात, समोर कागद ठेवून वाजवायचा. त्याच्या वादनाला कुणी कमी लेखलं नाही. माझं मत विचाराल तर पाठांतराचं कौतुक आपल्याकडेही जरा जास्तच होतं.

टाळ्यांबद्दल मनाला लावून घेऊ नका. तुम्ही बहुधा तिसऱ्या भागानंतर वाजवल्या असणार. तो भाग कूच करणाऱ्या फौजेसारखा चढत जातो आणि दणक्यात संपतो. जगभरच्या सभागृहांत तिथे टाळ्या पडतात. खरा शेवट त्यानंतर येतो, संथ आणि शोकाचा, चेलो आणि डबल बासच्या खर्जात विरत जाणारा. चायकोव्स्कीनं २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये ही सिम्फनी स्वतः सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. त्याच्या काळात श्रोते भागाभागानंतर खुशाल टाळ्या वाजवायचे, आवडलेला भाग पुन्हा वाजवायलाही लावायचे. गप्प बसण्याची शिस्त नंतरची आहे. शेजारच्या बाईंना हे सांगायला हरकत नव्हती, पण मध्यंतर होऊन गेलं होतं.

राखमानिनॉव्हच्या रचनेमागची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८९७ मध्ये त्याची पहिली सिम्फनी सेंट पीटर्सबर्गमध्ये सपशेल आपटली. पोरगा चोवीस वर्षांचाही झाला नव्हता. पुढची तीनेक वर्षं त्याच्या हातून म्हणण्यासारखं काही लिहून होईना. १९०० मध्ये नातेवाइकांनी त्याला निकोलाय दाल नावाच्या डॉक्टरकडे पाठवलं. दाल संमोहनानं उपचार करायचे, आणि स्वतः हौशी व्हायोलावादक होते. त्याच वर्षी या कॉन्चेर्टोचा दुसरा आणि तिसरा भाग लिहून वाजवला गेला. पहिला भाग मागाहून झाला आणि नोव्हेंबर १९०१ मध्ये मॉस्कोत संपूर्ण रचना सादर झाली. पियानोवर स्वतः राखमानिनॉव्ह आणि कंडक्टर त्याचा आतेभाऊ अलेक्झांडर झिलोती. अर्पणपत्रिका डॉक्टर दाल यांना.

तुमच्या घरात तबला आहे म्हणून एक गंमत. दुसऱ्या भागात पियानो शांतपणे सुरू होतो तेव्हा एका मात्रागटात बारा स्वर पडतात. कागदावर ते तीन-तीनचे चार गट आहेत. पण त्यांची बांधणी अशी केलीय की कानाला चार-चारचे तीन गट ऐकू येतात. आपण त्या हिशेबानं मान डोलवू लागतो, तोवर बासरी आपली चाल घेऊन मूळ चौपदरी हिशेबात शिरते आणि सम भलतीकडेच असल्याचं लक्षात येतं. लयकारीचा कान असलेल्या माणसाला हे लगेच सापडेल. मोबाइलवर तेवढा भाग टाळी देत पुन्हा ऐका. रिख्तरचं १९५९ चं वॉर्साचं ध्वनिमुद्रण मिळालं तर उत्तम. स्वतः राखमानिनॉव्हनं फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर १९२९ मध्ये केलेलंही उपलब्ध आहे. आवाज जुनाट, पण वादनात कुठे रेंगाळणं नाही. हल्लीचे वादक हाच भाग फार पाघळवतात.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. नांदेडला हे का होत नाही? श्रोते नाहीत म्हणून, असं उत्तर लोक पटकन देतात. मला ते पटत नाही. संगीत शंकर दरबार महोत्सवाला रात्री उशिरापर्यंत मांडी ठोकून बसणारं गाव आहे हे. अडचण श्रोत्यांची नाही, सामानाची आणि माणसांची आहे.

पियानोचंच घ्या. तो न्यायचा तर पाय काढून, कुशीवर आडवा करून, गाद्यांत गुंडाळून. पोचल्यावर नव्या हवेत त्याला मुरू द्यायचं, मग सगळ्या तारा पुन्हा सुरात लावायच्या. ते करणारा ट्यूनर सोबत हवा. आतला नाद उमटवणारा फळा पातळ लाकडाचा असतो. आपल्याकडचा वैशाखातला कोरडा बेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि मागोमागचा पावसाळा त्याला मानवत नाही. वर्षभर एकसारखी हवा ठेवणारी खोली नसेल तर लाखोंचं वाद्य काही वर्षांत कामातून जातं. सभागृहाचीही तीच कथा. आपली नाट्यगृहं नाटकासाठी आणि माइक गृहीत धरून बांधलेली. पडदे, विंगा, वरच्या झालरी आवाज पिऊन टाकतात. वर पंख्यांची घरघर.

आणि माणसं. मुंबईतसुद्धा हे सहज जमलेलं नाही. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी केली. त्यांचा मुलगा झुबिन पुढे जगभर गाजला, पण मुंबईतला तो वाद्यवृंद टिकला नाही. १९५८ मध्ये सिनेसंगीतात काम करणारे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा वाद्यवृंद बसवला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. तोही फार चालला नाही. आज तुम्ही ऐकलात तो सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ चा. एनसीपीएचे खुशरू सनतूक यांनी लंडनमध्ये कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांना ऐकलं आणि मुंबईला बोलावलं, तिथून तो सुरू झाला. सुरुवातीला कझाकस्तानच्या वादकांचाच भरणा मोठा होता. बिसेनगालियेव्ह मॉस्कोत शिकलेले, त्यामुळे लहान मुलांना शिकवण्याची तिथली पद्धतही एनसीपीएत आली. आजही मोठ्या रचनेसाठी हंगामापुरते वादक परदेशातून येतात. देशाच्या आर्थिक राजधानीत ही स्थिती, तर नांदेडपर्यंत ऐंशी माणसं आणि एक पियानो आणण्याचा खर्च कोण उचलणार?

तोवर गाडी आपल्यालाच धरावी लागणार. नांदेडहून देवगिरी आहे, लातूरहून मुंबई एक्स्प्रेस आहे. दोन्ही सीएसएमटीला सोडतात आणि तिथून नरिमन पॉइंट टॅक्सीनं जवळ. परतीची गाडी त्याच रात्री धरायचा बेत मात्र करू नका. शेवटचा भाग ऐकताना लक्ष घड्याळाकडे राहतं.

प्रश्न : पियानोवर मींड निघत नाही. मग आपल्या कानाला त्यात रस कसा वाटावा?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मींड पेटीवरही निघत नाही. त्याच कारणानं आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि तरी भजन, कीर्तन, नाट्यगीत सगळं पेटीवरच जगलं. पियानोची अडचण तर आणखी मोठी आहे. पेटीचा स्वर भात्यात हवा असेतो टिकतो, पियानोचा मात्र वाजल्या क्षणापासून मरू लागतो. चांगला रचनाकार हे ओळखून लिहितो. लांबलचक ओढायची चाल व्हायोलिन-चेलोला देतो आणि पियानोला त्याखाली सतत हलतं ठेवतो. वर नांदेडच्या वाचकांना पियानो बुडाल्यासारखा वाटला, त्यामागे हाही हिशेब आहे. कार्यक्रमाला गेलात तर सुरुवातीला ओबोवाला एक स्वर धरतो आणि सगळे त्यात आपापली वाद्यं मिळवतात, तो ऐका. तो आपल्या पेटीतला पांढरी सहाच्या आसपासचा असतो. आधी घरी पेटीवर दाबून पाहा, म्हणजे तिथे ओळखीचं वाटेल.

प्रश्न : रशियन संगीतात भारत कुठे येतो का? आमचं बीदरला नेहमी जाणं-येणं असतं. तिथे जुन्या काळी एक रशियन येऊन राहिला होता म्हणतात.
— एक वाचक, उदगीर

उत्तर : राहिला होता. अफनासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो कोकणात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला आणि मग बहमनींची राजधानी बीदर गाठली. विकायला घोडा आणला होता. तो जुन्नरच्या खानानं काढून घेतला, मग परत दिला आणि शेवटी बीदरला विकला गेला. या प्रवासाची त्यानं टिपणं ठेवली म्हणून आपल्याला हे ठाऊक.

संगीताचं म्हणाल तर रिम्स्की-कोर्साकोव्हचा १८९८ मध्ये मॉस्कोत रंगमंचावर आलेला ‘साद्को’ हा ऑपेरा पाहा. त्यात एक हिंदुस्थानी व्यापारी आपल्या देशाच्या हिऱ्या-मोत्यांचं वर्णन गातो. ही चाल नंतर व्हायोलिन, पियानो, नृत्याचे बँड अशी सगळीकडे पोचली. स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीनं खाली घरंगळतात, खाली एक स्वर धरून ठेवलेला. रिम्स्की-कोर्साकोव्ह आरमारात अधिकारी होता, न्यूयॉर्क आणि रिओपर्यंत जाऊन आला होता, पण हिंदुस्थानात त्याचं पाऊल कधी पडलं नाही. त्यामुळे हा भारत ऐकीव आहे, आपल्या कुठल्याही रागाशी त्याचा ताळमेळ बसवायला जाऊ नका. योगायोग असा की, ज्या खासगी ऑपेरा मंडळीनं ‘साद्को’ रंगमंचावर आणला, तिच्याकडे त्याच हंगामात पहिल्या सिम्फनीच्या धक्क्यातून न सावरलेला राखमानिनॉव्ह कंडक्टर म्हणून नोकरी करत होता.

निकितिनवर ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी १९५७ मध्ये भारत-सोव्हिएत भागीदारीत ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. नर्गिस आणि बलराज साहनी त्यात आहेत. संगीत दोघांचं : आपले अनिल विश्वास आणि त्यांचे बोरिस चायकोव्स्की. सहाव्या सिम्फनीवाल्या प्योत्र चायकोव्स्कीचा हा कुणी लागत नाही, फक्त आडनाव एक.