तात्पर्य विचारू नका

सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सगळ्या शाळेनं मिळून वाचायचं ठरवलं, त्यातून हाती लागलेलं थोडं.

१. आधी कपाट उघडा. शाळेत पुस्तकं असतात, पण कुलपात. पुस्तक हरवलं तर ज्याच्याकडे चार्ज आहे त्याच्या अंगाशी येणार, ही धास्ती. त्यामुळे कोरी पुस्तकं आतल्या आत पिवळी पडतात. आम्ही व्हरांड्यात सुतळी बांधून मुलांच्या हाताला येतील अशी पुस्तकं टांगली. फाटली तर चिकटपट्टी. अगदीच गेली तर निर्लेखनाची सोय आहेच की!

२. परिपाठानंतरचा थोडा वेळ फक्त वाचनाचा. त्या वेळात मुख्याध्यापकही वाचतात, खिचडी शिजवणाऱ्या ताईसुद्धा. मोठी माणसं माहिती भरत बसली आणि मुलांना ‘वाचा रे’ म्हणाली, तर मुलं काय समजायचं ते समजतात.

३. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका. सारांश लिहायचा म्हटलं की मुलं सगळ्यात बारीक पुस्तक शोधतात. विचारायचंच तर ‘कुठं हसू आलं?’ एवढं पुरे. आणि पुस्तक आवडलं नाही म्हणून अर्धवट टाकलं, तर टाकू द्या. आपण नाही टाकत?

४. आमच्याकडची बरीच मुलं घरी पावरी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना पहिलीत परकीच. म्हणून चित्रांची पुस्तकं आधी. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतली चित्रं नुसती बघत मुलं पावरीत तासभर गोष्ट सांगतात. सांगू द्यावी. मीही काही शब्द शिकलो. माझ्या उच्चारांवर वर्ग खदखदून हसतो, तेवढाच त्यांचा हिशेब चुकता होतो. ‘इथं काय लिहिलंय?’ हा प्रश्न मग मूलच विचारतं, आणि तेव्हा अक्षरं शिकवायला फार कष्ट पडत नाहीत. बाराखडी पाठ होईपर्यंत पुस्तक द्यायचं नाही, हा हट्ट मला कधीच पटला नाही.

५. वाचता आलं तरी वाचून दाखवणं थांबवू नये. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चौथीला वाचून दाखवतो आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटून टेबलावर ठेवतो. मधल्या सुट्टीत ते टेबलावर नसतं.

६. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जरूर साजरा करा. फोटो काढून झाला की पुस्तकं परत मुलांकडेच राहू द्या, इतकंच.

७. दिवाळीच्या सुमारास काही घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या मुलांच्या दप्तरात आम्ही गोष्टींची पुस्तकं घालतो. पाठ्यपुस्तक तिकडे उघडलं जाईलच असं नाही, गोष्टीचं मात्र कोपीवरची धाकटी भावंडंही मागून घेतात. काही पुस्तकं परत येत नाहीत. पुढच्या मागणीयादीत ती आधीच जास्तीची धरावीत.